डावीकडची पाल

त्याला कंपनीत सगळे 'तूर्तास' म्हणत, आणि त्यात म्हणणाऱ्यांची काही चूक नव्हती. सव्वीस वर्षं प्रोग्राम लिहिणारा हा माणूस कुठल्याही निर्णयाच्या शेवटी तोच शब्द काढायचा. बटण उजवीकडे ठेवायचं की खाली? तूर्तास उजवीकडे ठेवू. आज बाहेर जेवायचं की इथेच? तूर्तास इथेच बसू. घरातल्या बैठकीच्या खोलीला तूर्तास म्हणून लावलेला पडदा नऊ वर्षं लटकत होता. आमचं लग्नसुद्धा ह्यांनी तूर्तासच केलं असणार, असं बायको एकदा चारचौघांत बोलून गेली. तो सगळ्यांबरोबर हसला, आणि मग ती खरंच रागावली आहे की काय, याचा पुढचे दोन दिवस विचार करत बसला.

काळजी करणं हा त्याचा मुख्य धंदा, आणि प्रोग्राम लिहिणं हा जोडधंदा. कंपनी वजनकाट्यांची होती. काट्यावर माल चढला की संगणकावर एक चौकोनी खिडकी उघडायची, तिच्यात मोठे आकडे यायचे, खाली एक बटण. चार कोपरे, राखाडी रंग, आरपार काही दिसायचं नाही. असल्या खिडकीत चुकण्यासारखं फारसं काही नसतं, म्हणून तर त्याने ती नोकरी कधी सोडली नाही.

असा हा माणूस पन्नाशीला टेकल्यावर अर्धपारदर्शक, वेड्यावाकड्या आकाराच्या, हलत्या खिडकीच्या नादाला लागला, तो थोरल्या बहिणीमुळे.

ताई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आरेखक होती. गावातल्या जमिनीखालच्या सगळ्या पाइपांचे नकाशे तिच्या हातचे. आधी ट्रेसिंग पेपरवर शाईने काढले, मग संगणक आला तेव्हा तेही शिकली. कुठल्या गल्लीत कुठला व्हॉल्व्ह आहे ते ती झोपेतही सांगेल, असं खोदकामवाले म्हणत. लग्न केलं नाही, भावाच्या घरापासून दोन इमारती सोडून एकटी राहायची, आणि एकटं राहण्याचं तिला कधी काही वाटलं नाही, कारण सकाळी साडेनऊला तिला कचेरीत जायचं असायचं.

गेल्या वर्षी तिच्या मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकली. हातपाय चार महिन्यांत ताळ्यावर आले, वाचा तर गेलीच नव्हती. पण डावी बाजू तिच्या लेखी उरली नाही. ताटातलं उजवीकडचं सगळं संपवून ती भाजी मागायची, आणि भाजी डावीकडे तशीच असायची. केस विंचरले तर उजव्या अर्ध्याचे. डोळ्यांत काही दोष नाही, डॉक्टर म्हणाले, डोळे बघतात, मेंदू दखल घेत नाही. व्यायाम करून घेणाऱ्या बाई रोज तिची हनुवटी हलकेच वळवून सांगायच्या, "डावीकडे आहे. तुम्हाला दिसत नसलं तरी आहे." पुढे हेच वाक्य भाऊ म्हणू लागला, भावजय म्हणू लागली, खालचा दुकानदारही म्हणू लागला. सहा महिने ऐकून ऐकून ताईला एक सवय लागली. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा ती दुसऱ्यांच्या बोलण्यावर जास्त विश्वास ठेवू लागली.

ती कामावर परतली त्याच आठवड्यात घोटाळा झाला. तिने दुरुस्त करून दिलेल्या नकाशाची डावी बाजू जुनीच राहून गेली होती. खोदकामवाल्यांनी अर्धा दिवस रस्त्याची भलतीच कड फोडली. साहेब भला माणूस होता, ओरडला नाही. त्याने खुर्ची ओढली, समोर बसला आणि म्हणाला, "बाई, महिनाभर बघू. नकाशे वेळेवर आणि बिनचूक आले तर खुर्ची तुमचीच. नाहीतर मला कागद पुढे पाठवावा लागेल." कागद म्हणजे प्रकृतीच्या कारणाने सक्तीची निवृत्ती. नियमाने तिची अजून सहा वर्षं उरली होती.

त्या संध्याकाळी ताई भावाच्या घरी आली आणि चहाला हात न लावता म्हणाली की घरी बसून मी करू काय, डावीकडची भिंत शोधत बसू? ताईला गरज पडली आणि ती तूर्तासकडे आली, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तो म्हणाला, "तूर्तास काहीतरी करून देतो."

आधी त्याने ताईच्या हाती पेनड्राइव्ह देऊन तिच्या कचेरीतल्या स्क्रीनच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावली. दोन दिवसांत मेंदूने पट्टीही गिळून टाकली. मग त्याने एक चौकोन केला, उजवीकडून सरकत डावीकडे जाणारा. तो तर अंगाशीच आला. चौकोनाची कड दिसली की ताई तिथेच नकाशा संपवायची. कितीतरी वर्षं कागदावर काम केलेली बाई ती, कड आली की कागद संपला हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. म्हणजे चौकोन नको. खालचा नकाशा झाकला जाता कामा नये, म्हणजे आरपार दिसणारं हवं. आणि स्थिर नको, हलतं हवं. आता आकार कसला घ्यायचा, म्हणून त्याने तिलाच विचारलं.

"पाल कर," ती म्हणाली.

पालीचं आणि तिचं लहानपणापासून वाकडं. खोलीत पाल असली तर ती कुठल्या भिंतीवर आहे हे ताईला मान न वळवताही कळायचं. व्यायामाच्या बाई हे ऐकून आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, करून बघाच.

पाल काढणं सोपं होतं. ती धावायची कशावर, इथे घोडं अडलं. अशी चित्रं स्क्रीनवर तरंगवायला दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं तयार सामान घ्यावं लागतं, त्याला लायब्ररी म्हणतात. त्याच्यापुढे चार लायब्ररी होत्या. पहिली संगणकाबरोबरच येणारी, जुनी, कष्टाळू. पण ती खिडकी कात्रीने कापल्यासारखी कापायची, कडा करवतीसारख्या, आणि पालीचे पाय फुटक्या कंगव्यासारखे दिसायचे. दुसरी मोठी, नावाजलेली. तिच्यात चित्राचा एकेक ठिपका हवा तेवढा पातळ करता यायचा, पाल अशी सळसळत जायची की त्याचाच हात मागे सरला. पण तिला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागायचं, आणि ताईने कचेरीतल्या जुन्या संगणकावर लावून बघितली तर पालीभोवतीची मोकळी जागा काळीकुट्ट व्हायची. तिसरी एक अख्खा ब्राउझर पोटात घेऊन यायची. काम झटपट, पण मेमरी खाण्यात नकाशाचा प्रोग्राम आधीच बकासुर, त्यात ही दुसरी. चौथी एका एकट्या माणसाने लिहिलेली, छोटीशी, देखणी, आणि त्या माणसाने गेल्या चार वर्षांत तिला हात लावलेला नव्हता. तो माणूस आता आहे की नाही, याचीही तूर्तासला काळजी लागून राहिली.

महिना साहेबाने दिला होता, त्यातले आठ दिवस याने निवडण्यात घालवले. प्रत्येक लायब्ररीवर एक पाल धावत ठेवली, कागदावर गुण मांडले, बेरीज जुळेना म्हणून गुण बदलले. पहिली घेतली तर कडा बोचतात, दुसरी घेतली तर काळं होतं. तो जेवताना गप्प असायचा आणि बायकोने काही विचारलं तर "पातळ हवं" असं काहीतरी बोलायचा. शेवटी तिने हात टेकले आणि सांगितलं की एकदाची कुठली तरी पाल घ्या आणि घराबाहेर काढा. मग त्याने दुसरी घेतली. तिच्यात कार्डाशिवाय चित्र काढायची एक मंद पद्धत होती, ती वापरली तर काळं होत नव्हतं.

एक बारीक अडचण तेवढी राहिली. पाल उजवीकडून निघायची, डावीकडे ठरल्या जागी थांबायची, दोन सेकंदांत विरून जायची, आणि दहा मिनिटांनी पुन्हा यायची. ती पूर्ण विरली, म्हणजे तिचा रंग शून्यावर नेला, की पुढच्या वेळी येताना एक काळा झटका बसायचा. रंग दोनशे पंचावन्न पायऱ्यांत मोजतात. त्याने शून्याऐवजी शेवटची एक पायरी तशीच ठेवली. एका पायरीचा रंग माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, आणि झटकाही बसत नव्हता. त्याच्या घरच्या संगणकावर सगळं झकास चाललं. तूर्तास एकवर ठेवू, असं तो स्वतःशीच म्हणाला.

पहिले दोन दिवस ताईचा आवाज फोनवर बदललेला होता. पाल आली की तिची मान आपोआप वळायची, आणि मान वळली की डावीकडचा नकाशा सापडायचा. साहेबाने एक नकाशा तपासून नुसती मान हलवली होती, आणि त्याचं मान हलवणं म्हणजे मोठी शाबासकी, असं ती म्हणाली. तूर्तासला इतका आनंद झाला की त्याने त्या दिवशी कंपनीत स्वतःहून एक निर्णय घेतला.

मग तिचं बोलणं कमी कमी होत गेलं. तो रोज दुपारी फोन करायचा. पाल येते ना? येते. जाते ना? जाते. काम कसं चाललंय? चाललंय. त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची, पण पुढे विचारायला जीभ रेटायची नाही. कचेरी त्याच्या कंपनीपासून वीस मिनिटांवर होती. उद्या जाऊन येऊ, असं तो रोज ठरवायचा, आणि उद्या त्याला काहीतरी काम निघायचं.

महिन्यातला शेवटचा रविवार उजाडला. ताईने त्याला सकाळी घरी बोलावलं, एकट्यालाच. तिने केस नीट विंचरले होते, दोन्हीकडचे. तिने चहा पुढ्यात ठेवला आणि सांगून टाकलं की उद्या मी साहेबांना स्वतःच पत्र देणार आहे. त्यांनी कागद पाठवायची वाट कशाला बघायची.

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. नकाशे चुकले का? नाही, चुकला एकही नव्हता. पण वेळ तिप्पट लागत होता. डावीकडच्या व्हॉल्व्हवर ती क्लिक करायची आणि काहीच व्हायचं नाही. पाच वेळा करा, सहा वेळा करा, व्हॉल्व्ह दगडासारखा. त्याच्या शेजारचा, बोटभर अंतरावरचा, लगेच ऐकायचा. नकाशा थोडा सरकवला की आधीचा ऐकायचा आणि शेजारचा बंद पडायचा. व्यायामाच्या बाईंना तिने विचारलं होतं. त्या म्हणाल्या, थकवा असेल, मेंदू काही जागी दगा देतो. "आज वेळ जातोय," ताई म्हणाली, "उद्या मी न झालेली क्लिक झाली असं समजून पुढे जाईन. मग कुणाच्या तरी घरचं पाणी जाईल. मला नाही जमायचं ते."

हे सगळं ती भांडी आवरावीत तशा शांतपणे सांगत होती.

मग तिने कपाटावरून एक गुंडाळी काढली. ट्रेसिंग पेपर होता. आरेखक बाई ती, दुखणं आलं तर त्याचाही नकाशा काढणार. गेले सतरा दिवस, व्हॉल्व्हने ऐकलं नाही की ती हा कागद स्क्रीनच्या कोपऱ्याला कोपरा जुळवून धरायची आणि त्या जागी टोकदार पेन्सिलीने ठिपका द्यायची. एक्केचाळीस ठिपके झाले होते. "हे माझ्या डोक्याला पडलेलं भोक," ती म्हणाली. "बघून घे, म्हणजे मला उगाच थांबवणार नाहीस."

त्याने कागद खिडकीच्या उजेडात धरला.

ठिपके इकडेतिकडे पसरलेले नव्हते. ते जवळजवळ सगळे गर्दी करून बसले होते. मधे लांबट गठ्ठा, त्याला वर दोन फाटे, खाली दोन फाटे, आणि उजवीकडे एक वळलेली बारीक रांग. ती रांग त्याने ओळखली. ती शेपटी त्याने तीन वेळा खोडून पुन्हा काढली होती. पालीचं तोंड डावीकडे होतं, म्हणजे ताईला या कागदावर फार तर शेपटी आणि मागचे पाय दिसत असणार. डोकं तिच्या लेखी नव्हतंच.

एक पायरी. डोळ्याला न दिसणारी ती एक पायरी कचेरीतल्या जुन्या संगणकाच्या हिशेबी पूर्ण खिडकी होती. पाल विरली तरी तिथेच बसून राहायची आणि अंगावर पडलेली प्रत्येक क्लिक खाऊन टाकायची. पोटाखाली सगळं बंद, दोन पायांच्या मधल्या फटीत चालू. आणि बसायची नेमकी तिथेच, जिकडे बघायला तिनेच ताईला शिकवलं होतं. ताई जितकी नीट वागत होती तितकी जास्त फसत होती.

आता या माणसाच्या मनात काय आलं, तेही सांगितलं पाहिजे. त्याला वाटलं, उद्या सकाळी गुपचूप जाऊन एकाचं शून्य करावं. ताईला म्हणावं, अजून एक दिवस बघ. व्हॉल्व्ह ऐकू लागतील, तिला वाटेल थकवा गेला, आणि कुणाला काही कळणार नाही. ताईने आजवर त्याच्या कामावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता, दुसऱ्या कुणीही नाही. तो विश्वास त्याला घालवायचा नव्हता. चहावर साय धरेपर्यंत तो त्या कागदाकडे बघत बसला. पण मग भोक आपल्या डोक्यात होतं, असंच ती जन्मभर समजली असती. आज बुजलं, उद्या पुन्हा पडेल, या भीतीत जगली असती. भीतीत जगणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार.

"ताई, हे भोक तुझं नाही," तो म्हणाला. "ही माझी पाल आहे."

त्याने बोट फिरवून तिला डोकं दाखवलं, मान वळवायला लावून. मग एकाची आणि शून्याची सगळी गोष्ट सांगितली, कुठेही स्वतःला न वाचवता. त्याचं संपल्यावर तिने विचारलं, "म्हणजे ती तिथे बसलेली होती आणि मला दिसत नव्हती?"

"कुणालाच दिसत नव्हती."

"साहेबांना?"

"नाही."

"तुला दिसली असती?"

"मलाही नाही, ताई. कुणालाच नाही."

तिने ते त्याच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. वर्षभर जगातली प्रत्येक गोष्ट सगळ्यांना दिसत होती आणि तिला एकटीला दिसत नव्हती. ती कागदावरून हात फिरवत राहिली, आणि तूर्तासला वाटलं की चला, निभावलं.

निभावलं नव्हतं. "सतरा दिवस मी बाथरूममध्ये जाऊन रडत होते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्तच लागला. "तू रोज फोन करत होतास. एकदा येऊन शेजारी बसायला काय झालं होतं?"

याला त्याच्याकडे कामाची बरीच कारणं होती. त्याने ती सांगितली नाहीत. "घाबरलो," तो म्हणाला. "येऊन बसलो आणि काही चुकलेलं दिसलं तर, म्हणून."

ताई उठली आणि तिने चहा पुन्हा गरम करायला ठेवला. त्याचाही ठेवला.

सोमवारी दोघं कचेरी उघडायच्या वेळेलाच पोचली. साहेब दारातच भेटला. ताईने त्याला पत्र दिलं नाही, संगणकापाशी बोलावलं. तूर्तास खुर्चीवर बसला. परक्या माणसासमोर चूक कबूल करायची होती, माउस दोनदा निसटला. त्याने एकाच्या जागी दीडशे लिहिलं. पाल आली, थांबली, आणि या वेळी विरली नाही. दिवसाढवळ्या डाव्या बाजूला बसून राहिली. ताईने कोपऱ्याला कोपरा जुळवून तिच्यावर ट्रेसिंग पेपर धरला, आणि साहेब चष्मा वर करून पुढे वाकला.

साहेबाला लायब्ररीतलं काही कळत नव्हतं, पण कागद कसा वाचायचा ते कळत होतं. त्याने तूर्तासला एवढंच विचारलं की याची खात्री आहे का. तूर्तास म्हणाला, आहे. मग तो सांगू लागला की शून्य केलं तर येताना जरा काळा झटका बसेल, त्यावरही काही उपाय... ताईने त्याला थांबवलं. बसू दे झटका, ती म्हणाली, आली की आलेली कळू दे आणि गेली की जाऊ दे. त्याने शून्य लिहिलं. साहेबाने कॅलेंडर बघितलं आणि महिना आजपासून धरू असं सांगून तो आपल्या खोलीत गेला.

ताई मात्र अजून कागद धरूनच होती. ती ठिपके मोजत होती, मान पूर्ण डावीकडे वळवून, एकेका ठिपक्यावर पेन्सिलीचं टोक टेकवत. अडतीस ठिपके पालीच्या अंगावर पडले होते. तीन बाहेर होते, अगदी डाव्या कडेला, पालीपासून चार बोटं लांब.

तूर्तासनेही ते पाहिले आणि घाईघाईने म्हणाला की तेही संगणकाचंच असेल काहीतरी, माउस खराब असेल, तो आजच बघतो, ते तीन तिने मनावर घेऊ नयेत.

"नाही," ताई म्हणाली. "हे तीन माझे."

तिने त्या तिन्हींभोवती लाल पेन्सिलीने एकेक गोल काढला आणि पुन्हा मोजले. तीनच होते. मग तिने कागद गुंडाळला, भावाला खुर्चीवरून उठवलं, आणि पहिला नकाशा उघडला.